एक रत्तल लोणी, एक रत्तल साखर

आमच्या घरात तराजू आला तो ऑलिव्हच्या लग्नामुळे. नाहीतर आमच्यासारख्या दोन माणसांच्या संसारात वाटी आणि मूठ एवढ्यावर सगळं भागत होतं. आमटीत डाळ किती, तर दिसेल तेवढी. मीठ किती, तर हाताला येईल तेवढं. आणि चुकलंच, तर जेवणारा मी एकटाच असल्यामुळे बोभाटा होण्याची भीती नव्हती.

आम्ही आंबोलीला राहायचो. अंधेरी स्टेशनपासून टांग्याचा रस्ता संपला की ताडामाडांतून एक पायवाट जायची आणि तिच्या टोकाला सेराफिनाबाईंचं कौलारू घर होतं. त्या घराच्या मागच्या दोन खोल्या आमच्या. पुढं अंगण, अंगणात विहीर, जांभळाचं झाड, आणि सगळीकडे कोंबड्या. डिसेंबरात सकाळी जुहूच्या बाजूनं खारट धुकं यायचं, ते माडांच्या झावळ्यांत अडकून राहायचं, आणि दहा वाजेपर्यंत आपण जागे आहोत की नाही याची मला खात्री नसायची. सांताक्रूझला उतरणारं विमान डोक्यावरून गेलं की मी जागा व्हायचो आणि कचेरीला निघायचो. तिथं मी आवक-जावक पाहायचो. तेही काम तसं झोपेत करण्यासारखंच होतं, पण ते बोलायचं नाही.

ऑलिव्ह ही सेराफिनाबाईंची धाकटी मुलगी. तिचं लग्न नाताळानंतरचं ठरलं. आणि लग्न तोंडावर आलेलं असताना सेराफिनाबाई विहिरीच्या पायरीवरून घसरल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. बाजारातल्या बेकरीवाल्याशी त्यांचं पावाच्या आकारावरून भांडण झालेलं, त्यामुळे तो रस्ताही बंद.

त्या तशाच झोळीसकट आमच्या दारात आल्या आणि उत्तराला म्हणाल्या, "बाय, ऑलिव्हचा केक तू कर."

उत्तरा म्हणजे माझी बायको. तिनं पार्ल्याच्या महिला मंडळात केकचा वर्ग केला होता आणि एक पत्र्याची भट्टी घेतली होती. खाली निखारे, वर निखारे, मधे केक. एकदा तिचा केक खरोखर चांगला झाला होता आणि नेमका त्याच दिवशी सेराफिनाबाईंनी तो खाल्ला होता.

"मी?" उत्तरा म्हणाली. "सेराफिनाबाई, लग्नाचा केक!"

"मग काय झालं? मी सांगते. एक रत्तल लोणी, एक रत्तल साखर, एक रत्तल रवा, अंडी बसतील तेवढी. हाय काय त्याच्यात?"

उत्तराच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे आलं ते मी विसरलो नाही. शेजारीणबाई म्हणून वाटीभर साखर मागायला लोक येत. पण तुझ्याशिवाय आमचं अडलंय असं सांगायला तिच्या दारात आजवर कुणी आलं नव्हतं. ती "हो" म्हणाली आणि मग भिंतीला टेकून बराच वेळ उभी राहिली.

आधी एक तालमीचा केक करायचा ठरलं. रत्तल म्हणजे किती, हा प्रश्न आला. मी पुढे झालो. पुरुषानं अशा वेळी पुढे व्हायचं असतं. माझ्या चार मुठी म्हणजे एक रत्तल, असं मी कसलाही आधार नसताना, पण अत्यंत शांत आवाजात सांगितलं. शांत आवाजावर उत्तराचा विश्वास बसतो. मी मुठी भरून दिल्या. लोण्याची मूठ कशी भरायची याचा मात्र मी आधी विचार केला नव्हता.

तो केक भट्टीतून निघाला तेव्हा दिसायला सुंदर होता. सेराफिनाबाईंनी डाव्या हातानं सुरी घेतली, टेकवली, दाबली, मग सुरीकडे पाहिलं. त्यांचे यजमान इसिडोरकाका शेजारी बसले होते. मोजकं बोलणारा माणूस. त्यांनी तो केक उचलला, हातात तोलला आणि म्हणाले, "होडीला नांगर पायजेच होता."

उत्तरा हसली नाही. आत गेली, भांडी घासत बसली. ती भांडी आधीच घासलेली होती. मी दारात उभा राहून म्हणालो, "अगं, आपण काटा आणू. चांगला काटा. मी निवडतो."

"तुम्ही?" ती म्हणाली. एवढंच.

काटा निवडायचा हे ठरल्याबरोबर मार्तंडराव आले. मार्तंडराव रेल्वेच्या पार्सल खात्यातून निवृत्त झालेले आमचे शेजारी. हयातभर दुसऱ्यांच्या पेट्या तोलल्यामुळे वजन या विषयावर त्यांचा शब्द शेवटचा असायचा. "विद्याधर," ते म्हणाले, "दुकानात जाऊन फसू नकोस. माझ्याकडे काटा आहे." आणि त्यांनी एक भलामोठा स्प्रिंगचा काटा आणला. पितळी तबकडी, खाली माशाचा गळ शोभेल असा आकडा. तो आम्ही ओसरीच्या तुळईला टांगला. उत्तरानं फडक्यात रवा बांधून अडकवला. काटा हलला नाही. आणखी रवा घातला. काटा हलला नाही.

"यंत्र उत्तम आहे," मार्तंडराव म्हणाले. "रव्यातच वजन नाही."

तो काटा गाठोडी आणि ट्रंका यांच्यासाठी होता. रत्तलभर रव्याची दखल घेणं त्याच्या प्रतिष्ठेला शोभणारं नव्हतं. पण तो टांगलेला सगळ्या आळीनं पाहिला आणि दुपारी एक बाई आपलं बाळ घेऊन आली. "काकी, ह्याला जरा लावून बघता का?" बाळ झोळीत घालून टांगलं. काटा हलला! बाळ हसलं. मग काय, आळीतल्या बायका बाळं घेऊन ओसरीवर रांगेनं बसल्या. ज्यांचं बाळ जास्त भरलं त्या मिरवत गेल्या, ज्यांचं कमी भरलं त्यांनी काट्यात खोट काढली, आणि दोघीजणींचं तर कुणाच्या बाळाच्या अंगावर जास्त कपडे होते यावरून बोलणं बंद झालं. उत्तरा रव्याचं फडकं मांडीवर घेऊन मधे बसलेली. मी जांभळाखाली खुर्ची टाकून पाहत होतो. उन्हात हळूहळू गोल फिरणारी ती झोळी, तिच्यातून बाहेर आलेला एक गुलाबी पाय... मला ते दृश्य इतकं गोड वाटलं की केकचं मी साफ विसरलो. उत्तरानं आठवण करून दिली. आवाज गोड नव्हता.

इसिडोरकाकांनी मग त्यांचा मासळीचा तराजू काढून दिला. तो अगदी बरोबर तोलायचा. पण चिंच, राख, लिंबू सगळं लावून घासला तरी त्याला सुक्या बोंबलाचा वास होता तो होताच. उत्तरानं त्यात साखर घालून पाहिली, साखर हुंगली आणि ती कोंबड्यांना टाकली.

शेवटी मी एकटाच बाजारात गेलो. भांड्यांच्या दुकानात एक पितळी तराजू छताला टांगला होता. सडपातळ दांडी, दोन्ही बाजूंना साखळ्या, चकचकीत पारडी. वारा आला की तो आपोआप एका बाजूला कलायचा, मग विचार बदलावा तसा दुसऱ्या बाजूला. मी त्याच्याखाली किती वेळ उभा होतो कोण जाणे. दुकानदारानं दोनदा विचारलं, "काय पाहिजे?" मला तो तराजू पाहिजे होता. मला त्या क्षणी दुसरं काहीच नको होतं. बरोबर जुनी रत्तलाची आणि अर्ध्या रत्तलाची वजनं मिळाली. "नवी किलोची वजनं आलीत म्हणे," मी म्हणालो. "आली की सांगतो," तो म्हणाला. तेव्हा नुकतंच सरकारनं शेर-रत्तल मोडीत काढून नवी मापं आणली होती, आणि ती सगळीकडे आली होती, दुकानं सोडून.

उत्तराला तराजू आवडला. तिनं तो दोन बोटांनी उचलला, पारडी थरथरून स्थिर झाली, आणि ती म्हणाली, "छान निवडलात हो." मी त्या तीन शब्दांवर संध्याकाळपर्यंत तरंगत होतो.

तेवढ्यात मार्तंडराव आले. त्यांनी वजनं उलटीपालटी करून पाहिली. "शिक्का कुठाय?"

"कसला शिक्का?"

"सरकारी. बिनशिक्क्याचं वजन वापरणं म्हणजे गुन्हा. त्यातून तू सरकारी नोकर. उद्या कुणी तक्रारीचा कागद केला तर?"

उत्तरा म्हणाली, "अहो, घरातला तराजू आहे. स्वयंपाकघरात कोण येतंय बघायला?" पण माझ्या डोळ्यांपुढे तोवर माझी चौकशी सुरू झाली होती. लांब टेबल, पलीकडे तीन साहेब, टेबलावर पुरावा म्हणून केक. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी तराजू आणि वजनं पिशवीत घालून वजनमापांच्या कचेरीत गेलो.

खरं तर मी आनंदात गेलो. आजवर मी टेबलाच्या आतल्या बाजूला बसत आलो होतो. बाहेरच्या बाजूनं गेलो तरी आतला माणूस आपल्याला ओळखील, दोन कारकुनांमध्ये एक मूक सलोखा असतो, तो चहा मागवील, अशी स्वप्नं मी वाटेत पाहिली. आतल्या माणसानं मान वर न करता विचारलं, "धंदा?"

"धंदा नाही. केक."

"म्हणजे बेकरी."

"नाही, नाही. घरी. एका मुलीचं लग्न आहे."

"तुमच्या मुलीचं?"

"घरमालकिणीच्या."

आता त्यानं मान वर केली. "घरी वापरायचा तर शिक्का कशाला?"

"मग बिनशिक्क्याचा चालेल?"

"बिनशिक्क्याचा कसा चालेल?"

"मग शिक्का मारा."

"धंद्याशिवाय शिक्का मारता येत नाही."

"बरं, धंदा लिहा."

"नोकरी कुठं करता?"

मी मोठ्या अभिमानानं खात्याचं नाव सांगितलं. त्यानं लेखणी खाली ठेवली. "सरकारी नोकराला धंदा करता येत नाही. खात्याची परवानगी आणा."

मी हे संभाषण टेबलाच्या आतून आयुष्यभर करत आलो होतो. ते बाहेरून इतकं वेगळं ऐकू येतं याची मला कल्पना नव्हती. मी पिशवी टेबलावर ठेवली. त्याला दया आली असावी, कारण त्यानं पिशवीत डोकावून पाहिलं, आणि तिथंच घात झाला. "ही तर जुनी वजनं! ही तपासणीला ठेवून घ्यावी लागतील." त्यानं ती एका खोक्यात टाकली. तिथं आधीच कितीतरी वजनं पडली होती. "तराजू न्या. तराजूबद्दल काही म्हणणं नाही."

बाहेर आलो तेव्हा माझ्या पिशवीत दोन रिकामी पारडी एकमेकांवर वाजत होती. त्या आवाजाला ताल होता. घरी काय सांगायचं याचा विचार करायच्या ऐवजी मी स्टेशनपर्यंत त्या तालावर चालत गेलो.

घरी सांगितलं तेव्हा उत्तरा रागावली नाही. ते फार वाईट. तिनं फक्त भट्टीवरचं फडकं काढलं, पुन्हा घातलं आणि विचारलं, "लग्न परवा आहे. आता काय?"

मी वाण्याकडे धावलो. वाण्याचं दुकान अर्धं मिटलेलं. बाजारात वजनांची तपासणी सुरू झाल्याचं कळल्यापासून त्यानं आपली वजनं कुठंतरी पुरून ठेवली होती आणि तो गिऱ्हाइकांना फक्त आगपेट्या विकत होता. नव्या वजनांचा पत्ता नव्हता. इसिडोरकाकांची मासळीची वजनं तपासणीच्या धाकानं होडीत ठेवली होती आणि होडी समुद्रावर होती. मी परत आलो. "मूठ..." मी सुरुवात केली. उत्तरानं माझ्याकडे असं पाहिलं की मूठ आपोआप मिटली आणि खिशात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेराफिनाबाई सामान घेऊन अंगणात आल्या. डब्यात घरचा भाजलेला रवा, मडक्यात लोणी, साखर, टोपलीभर अंडी, आणि एका बरणीत कधीपासून भिजत घातलेल्या मनुका. त्या कशात भिजल्या होत्या हे मी विचारलं नाही. दारूबंदीचा काळ होता आणि मी सरकारी नोकर. मी फक्त बरणीच्या वाऱ्याला उभा राहिलो. वजनांचं ऐकून सेराफिनाबाई पायरीवर बसल्या. "माझ्या पोरीचं केकाशिवाय लग्न लागणार," त्या म्हणाल्या, आणि पदरानं डोळे पुसायला गेल्या तर हात झोळीत. डाव्या हाताला ते नीट जमेना. ऑलिव्ह दारात येऊन उभी राहिली होती. "राहू दे ना, माय," ती म्हणाली. "केक नसला तर नसला." पण ती दारातून हलली नाही.

मार्तंडराव "मी आधीच सांगत होतो" म्हणायला तोंड उघडत होते, तेवढ्यात उत्तरा म्हणाली, "सेराफिनाबाई, पुन्हा सांगा. किती किती?"

"एक रत्तल लोणी, एक रत्तल साखर, एक रत्तल रवा."

"म्हणजे सगळं सारखं."

"सारखं."

"आणि अंडी?"

"ती पन तेवढ्याच तोलाची."

उत्तरानं पिशवीतून तराजू काढला. "मग रत्तल हवाय कुणाला?" ती म्हणाली. "अहो, उठा. हा धरा."

मी दांडीची दोरी धरून विहिरीच्या कट्ट्यावर उभा राहिलो. उत्तरानं एका पारड्यात अंडी ठेवली, एकेक करून, पाळण्यात ठेवावी तशी. ते पारडं खाली गेलं. मग दुसऱ्यात ती साखर ओतू लागली.

मी पुष्कळ गोष्टी पाहिल्या आहेत, पण ते पाहण्यासारखं होतं. धुकं अजून उतरलेलं नव्हतं. साखर पडताना बारीक आवाज होत होता. अंडी हळूच वर उचलली जात होती, जणू ती आपली आपण तरंगायला शिकत होती. दांडी आडवी झाली. थरथरली. थांबली. सगळं अंगण श्वास धरून उभं होतं.

"टरफलाचं काय?" मार्तंडराव म्हणाले. "टरफलाला वजन असतं. कायद्यानं ते वजा..."

"एक अंडं वरून घालीन," उत्तरा म्हणाली, त्यांच्याकडे न बघता. साखर परातीत काढून तिनं लोणी घातलं. पुन्हा अंडी वर आली. एव्हाना माझा हात भरून आला होता, पण मला तो माझा वाटतच नव्हता. मी वर झावळ्यांकडे पाहत होतो. एक विमान गेलं. त्या विमानातून खाली पाहणाऱ्याला आम्ही कसे दिसत असू? एक माणूस कट्ट्यावर उभा, हातात सोन्याचा तराजू...

"अहो!"

एक कोंबडी उडून थेट लोण्याच्या पारड्याकडे झेपावली होती. मी हात उचलला, पारडं कललं, आणि एक अंडं घरंगळून मार्तंडरावांच्या वहाणेवर फुटलं. कोंबडी त्यांच्याचकडे रागानं बघत राहिली. अंडं तिचं असावं.

"वाट लागली!" मार्तंडराव एक पाय वर धरून म्हणाले. "आता सगळा हिशेब चुकला. ते अंडं केवढं होतं कुणाला माहीत? पुन्हा पहिल्यापासून तोला."

टोपलीत उरलेली अंडी पिटुकली, नुकत्याच अंडी घालू लागलेल्या तलंगांची. सेराफिनाबाईंनी कपाळाला हात लावला. डावा. मी पारडी धरून नुसता उभा. आपल्या हातून एका मुलीच्या लग्नाचा केक सांडला, ही गोष्ट मला पायापासून वर वर चढत येताना जाणवत होती.

उत्तरा मात्र साखरेच्या परातीकडे पाहत होती. "कशाला पहिल्यापासून?" ती म्हणाली. "फुटलेल्या अंड्याचं वजन साखरेत आहेच की."

तिनं तोललेली साखर पुन्हा एका पारड्यात घातली. दुसऱ्यात न फुटलेली अंडी ठेवली. साखरेचं पारडं खाली राहिलं, गेलेल्या अंड्याएवढंच खाली. मग तिनं एक पिटुकलं अंडं ठेवलं. आणखी एक. दांडी आडवी आली.

इसिडोरकाका कुठूनसे येऊन मागं उभे होते. त्यांनी तोंडातली विडी काढली. "बरोबर," ते म्हणाले, आणि निखारे करायला गेले. मार्तंडराव पाय धुवायला विहिरीवर आले ते बराच वेळ पाय धूत राहिले. मला वाटतं, त्यांना विचार करायचा होता.

मी माझ्या बायकोकडे पाहिलं. कपाळावर रव्याचा पुसट डाग, पदर खोचलेला, ओठ मिटलेले. इतकी वर्षं हिच्याबरोबर राहून आपण आमटीत डाळ किती याच्यापलीकडे हिला काही विचारलंच नाही, असं माझ्या मनात आलं. म्हणून मी विचारलं, "आता रवा?"

"आता रवा," ती म्हणाली. "हात बदला हवं तर."

मी बदलला नाही.

दुपारभर भट्टी चालली. केकाचा वास आधी अंगणात आला, मग पायवाटेनं खाली गेला. रस्त्यावरून जाणारी माणसं थांबायची, मान वर करायची आणि काहीतरी आठवल्यासारखी हळू चालत पुढं जायची. सेराफिनाबाई भट्टीशेजारी डोळे मिटून बसल्या होत्या. "झाला," त्या म्हणाल्या. उत्तरानं झाकण काढलं. झाला होता.

लग्नाच्या मांडवात ऑलिव्हनं आणि नवऱ्यामुलानं मिळून सुरी धरली. मी डोळे मिटून घेतले. सुरी ताटलीला लागल्याचा आवाज आला तेव्हा उघडले. केक कापला गेला होता, सरळ, मऊ, आत मनुकांचे काळे ठिपके. तुकडे फिरले. बँडवाल्यांनीसुद्धा पिपाण्या बाजूला ठेवून खाल्ला. पावाच्या आकारावरून भांडलेला बेकरीवालाही आला होता. त्यानं एक तुकडा खाल्ला, दुसरा कागदात गुंडाळून खिशात घातला आणि कुणाशी न बोलता निघून गेला. सेराफिनाबाईंनी त्याला जाताना पाहिलं आणि झोळीतल्या हातासकट नाचायला उभ्या राहिल्या.

मग बायकांनी उत्तराला घेरलं. कुणाकडे बारसं होतं, कुणाच्या सासऱ्याचा वाढदिवस, मरोळच्या एका बाईकडे तर अजून सोयरीकही जुळली नव्हती, पण केक ठरवून ठेवायचा होता. उत्तरा सगळ्यांशी बोलत होती, हसत होती, आणि बोलताना तिचे हात पारड्यांसारखे वरखाली होत होते. मी एका खांबाला टेकून तिच्याकडे पाहत राहिलो.

नवऱ्यामुलाचे एक वयस्कर काका माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. "काय छान केक!" ते म्हणाले. "आपण काय करता?"

हा प्रश्न मला आवडतो. एरवी मी खात्याचं पूर्ण नाव, शाखा, टेबल, सगळं सांगतो. या वेळी खात्याचं नाव काही केल्या आठवेना.

"मी तराजू धरतो," मी म्हणालो.

काकांनी आदरानं मान हलवली. बायकांच्या घोळक्यातून, माझ्याकडे वळूनही न बघता, उत्तराचा आवाज आला, "डावीकडे जरा कलतो त्यांचा हात. पण येईल हळूहळू."